बंड्याचा खिमा

"शी, शी, शी! उचल ते आधी टेबलावरून!" शुभदाबाई किंचाळल्या.

शिरीषने जेवणाच्या टेबलावर बंदुकीच्या दोन गोळ्या उभ्या केल्या होत्या. नुसत्या गोळ्या, दारू न भरलेल्या. एक तांब्याची, एक शिशाची. समोर त्याचा शिकारीतला दोस्त डेक्लन चहा पीत बसला होता.

"तांब्याची घे," डेक्लन म्हणाला. "हरणात शिरली तरी अखंड राहते. तू मऊ शिसं घेतोस आणि वर दारूही जास्त भरतोस. एवढ्या वेगात ते आत फुटतं. कण मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत."

"पण जनावर जागच्या जागी पडतं," शिरीष म्हणाला. "आणि जखमेभोवतीचं मांस आम्ही खातच नाही. ते वेगळं काढून खिमा करतो. बंड्याला."

बंड्या म्हणजे त्यांचा कुत्रा.

गोळ्या भरायचं काम परवाना काढून नेमबाजीच्या रेंजवरच्या खोलीत चालायचं. घरी यायच्या त्या फक्त गप्पा, आणि हिवाळ्यात अख्खं हरीण. आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या त्या नीटनेटक्या घराच्या गॅरेजमध्ये ते उलटं टांगलेलं असायचं आणि खाली बादलीत थेंब थेंब रक्त गळायचं. शिरीषची बायको इरावती हॉस्पिटलात डॉक्टर, रक्ताला सरावलेली. पण तीही तिकडे जायचं टाळायची. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा हा नवरा इथे येऊन हरणं सोलायला लागला, याचीच तिला किळस यायची.

सासूबाईंचं तर विचारूच नका. शुभदाबाई साताऱ्याहून आल्या त्या स्वतःचं पातेलं आणि पळी घेऊन. जन्मात अंड्याला शिवल्या नव्हत्या. कपाटाला इथे सगळे प्रेस म्हणतात. तर त्यांच्या भांड्यांना वेगळा प्रेस, त्यांचा वरण-भात वेगळा. तो दुसऱ्या कुणी करायचा नाही आणि खायचाही नाही.

बंड्याचा खिमा उकळायचं काम आधी इरावतीकडे होतं. काळपट, गोठलेल्या रक्ताचा तो गोळा पाण्यात पडला की जो वास सुटायचा, त्याने ती एकदा सिंकमध्ये ओकली.

"राहू दे गं बाई," तेव्हा सासूबाई म्हणाल्या. "मुकं जनावर ते, उपाशी कसं ठेवायचं? मी घालत जाईन. पाप तुमचं, पुण्य माझं."

इरावतीला भरून आलं. एवढ्या सोवळ्या बाईने एवढं करावं! त्या नाकाला पदर लावून मागच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. वास मारायला लवंग आणि लसूण टाकायच्या. पातेलंही स्वतःच घासायच्या, मग अंघोळ. "शिव शिव" म्हणतच बाहेर यायच्या.

हिवाळा सरता सरता त्यांचं पोट दुखायला लागलं. साधं नाही, गडाबडा लोळण्याइतकं. भूक मेली, चेहरा पांढराफटक पडला. मनगटातला जोर गेला. चहाचा कप हातातून निसटायचा.

"तुमच्या पापाची फळं मी भोगतेय," त्या कण्हत म्हणायच्या, आणि शिरीष मान खाली घालायचा.

रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं, भरपूर. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गावाकडचं काही औषध घेता का? एक चूर्ण होतं. ते फेकलं. पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला.

"असंच चढत राहिलं तर मेंदूवर जाईल, शिरीष," इरावती म्हणाली. मग तिचा तोल सुटला. "तुझे ते हात! तुझे कपडे! रेंजवरून येतोस आणि तसाच आईंशेजारी बसतोस. किळस येते मला तुझी!"

शिरीषने लगेच रक्त दिलं. इरावतीनेही दिलं. दोघांचंही स्वच्छ.

"मग आईलाच कसं?" तो रडकुंडीला आला. "मी बंदूक देऊन टाकतो, इरा. मला नको ती. आई बरी होऊ दे फक्त."

इरावती विचार करत राहिली. घरात शिसं येत असेल तर ते त्या खिम्यातून, आणि तो खातो बंड्या. कुत्रा रोडावलाच होता, बरगड्या मोजता येत होत्या. सासूबाई रोज त्याच्या ताटलीला हात लावतात, त्यातून तर नसेल? बिचारा बंड्याही आतून सडत असणार!

शनिवारी दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. शिरीष बाहेर गेलेला. सासूबाईंच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून काही न सांगता तिने बंड्याला गाडीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे सोडून आली.

संध्याकाळी फोन आला.

"शिसं जवळजवळ नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या बाबतीत तुमचा कुत्रा ग्रँड, म्हणजे अगदी ठीक आहे. पण उपासमार झालीय त्याची. इथे ओकला तो. नुसता भात आणि पिवळी डाळ. मांस अजिबात देत नाही का तुम्ही?"

इरावतीने फोन हळूच खाली ठेवला. घरात लवंग-लसणाचा वास दरवळत होता. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं.

"आई?"

"आत येऊ नकोस गं, शी! घाण वास मारतोय नुसता!" आतून भरल्या तोंडाचा आवाज आला. "बंड्याला खायला घालतेय."