भिंगबाईंचा शेरा

शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर तिला सगळे भिंगबाई म्हणत. अ‍ॅप तपासायला बसली की तिच्या नजरेतून एवढीशी चूकही सुटत नसे. कोरोनाच्या साथीत ती तापाने फणफणून एकटीच घरात अडकली, तरी ग्रुपवरचा एक पठ्ठ्या रोज सकाळी नवं अ‍ॅप पाठवायचाच. "ताई, जरा नजर टाकता का?"

आजारी माणसालाही कामाला जुंपतात मेले, असं पुटपुटत ती अ‍ॅप उघडायची आणि ग्रुपची बिनपाण्याने करायची. "हे बटण दाबलं तर काहीच होत नाही! घरूनच काम करताय ना, मग डोळे कुठे विसरून आलात?"

एके सकाळी मात्र तिने एवढंच लिहिलं, "छान झालंय. काही चूक नाही."

थोड्याच वेळात तिच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी राहिली.

ऑक्सिजनची नळी निघाल्यावर तिने पहिला फोन त्या पठ्ठ्याला लावला. "त्या दिवशी तब्येत एवढी बिघडल्याचं मी तर कुणालाच कळवलं नव्हतं. मग तुम्हाला कळलं कसं रे?"

"ताई, त्या अ‍ॅपमध्ये आम्ही रोज एक ढळढळीत चूक मुद्दाम ठेवायचो. तुमच्या शिव्या आल्या की सगळे निर्धास्त. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदाच आमचं कौतुक केलंत, आणि अख्ख्या ग्रुपच्या तोंडचं पाणी पळालं."