ताईची उसनी झोप

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. स्कूटरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यापासून निहालची झोपच उडालेली. भर दुपारी पडदे ओढून येरझाऱ्या घालतो, पंख्याच्या आवाजावरही खेकसतो. आता दवाखान्यात दुसऱ्याची झोप उसनी मिळते, पण ती सख्ख्या भावंडाचीच जुळते. म्हणून तिथल्या नर्सने त्याच्या शर्वरीताईच्या कपाळाला झोप ओढून घेणारा पट्टा बांधला आणि सहज म्हणाली, "झोपेबरोबर स्वप्नंही त्याच्याकडे जातात हं."

ताईचा हात लगेच पट्टा काढायला गेला. तिला रोज तेच स्वप्न पडतं: स्कूटर ती चालवतेय, निहाल मागे बसलाय. घरी मात्र तिने सांगितलेलं, तोच चालवत होता. त्याला काहीच आठवत नाही.

"झोप ना गं ताई," निहाल कळवळून म्हणाला, "तुझं घोरणंपण चालेल मला."

तिचे डोळे जडावत होते, हात अजून पट्ट्यावरच होता. तू काय केलं असतंस?