पिवळी पट्टी

आबांचा अंगठा अजून बटणावर होता. सयाजीच्या वडलांनी, हंबीररावांनी, शेवटचा दम गेला तरी ते काडेपेटीएवढं बटण सोडलं नव्हतं. बटण खाटेवर, त्याची बेल गोठ्यात. आबांना धाप लागली की त्यांनी दाबायचं आणि सुनेनं हातातलं टाकून पळत यायचं, असं घरात ठरलेलं. आज संयोगिता गोठ्यातच होती की! आली ती सावकाश, धार काढून, चरवी भरून. तोवर आबा गार पडलेले.

डेअरीवर दूध घालून परतलेल्या सयाजीचं टाळकंच फिरलं. दारात अर्धी गल्ली जमलेली, तरी बायकोला त्यानं तोंडाला येईल ते सुनावलं. बेल वाजली असणार, हिनंच कानाडोळा केला असणार. वाजली नाही, हे ती सांगून सांगून थकली. बायाही तसल्याच नजरेनं बघायला लागल्या.

सयाजीनं आबांच्या हातातलं बटण सोडवलं, सेल उचकटून मुठीत गच्च आवळला आणि शेजारच्या धोंडुबाईंसमोर मूठ उघडली. मस्कतच्या पाहुण्यानं आणलेला सेल, त्याच्या अंगावर काळी पट्टी. पट्टीची दोन टोकं दाबली की सेलच्या जोरानं ती तापते आणि पिवळी होते. जोर संपला असला तर काळीच राहते. आत्ता ती पिवळीधमक होती.

"ह्ये बघा. सेल भरलेला हाय. काल मीच बघून घातलाय."

बघून म्हणजे कसं, ते संयोगितालाही ठाऊक होतं. मान टाकलेला सेल त्यानं दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवला होता. टीव्हीच्या रिमोटचे सेल गल्लीत सगळे असेच तापवून चालवतात. ऊन असतानाच खाली काढला तर पट्टी आपोआप पिवळी! आबांची सोय झाली म्हणून दोघंही खूश. बेल वाजवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. टोकंही कुणी दाबली नाहीत.

आत्ताही कुणी दाबली नव्हती.

तिनं सेल घेतला. सयाजीच्या मुठीनं तो चांगलाच तापला होता. ती खाटेपाशी बसली, आबांच्या तळव्यावर तो ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटली. वरून स्वतःचा हात ठेवला नाही, नुसती बघत बसली. पौषातली गारठ्याची सकाळ. थोड्या वेळानं बोटं उघडली तर पट्टी काळी पडलेली. मग आपल्या बोटांची ऊब लागू नये म्हणून तिनं पदराआडून दोन्ही टोकं जोर लावून दाबली. काळीच.

"वाजली न्हाय वो," ती म्हणाली. "आबा दाबत हुतं, पर वाजलीच न्हाय."

सयाजीनं सेलकडं बघितलं नाही. तो खाली बसला आणि बापाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागला. धोंडुबाईंनी खांद्याला धरून उठवलं, तरी उठेना. चोळतच राहिला.