उसने नातेवाईक

"तम्मा, चेहरा जरा दुःखी कर. बायको समोरच्या इस्पितळात आहे असं समज."

"शेठ, ती नुसती माहेरी गेली तरी मला झोप छान लागते," खाटेवरून हमाल म्हणाला.

भाऊशेठांना हसू आलं नाही. पेशंटच्या नातेवाइकांसाठी बांधलेल्या या धर्मशाळेत, स्वतः विश्वस्त असून, त्यांनी आपलं हळदीचं गोदाम थाटलं होतं. आज न्यायालयाने नेमलेल्या वकीलबाई पाहणीला येणार म्हणून सकाळीच पोती हलली, खाटा आल्या, खाटांवर हमाल आले.

वकीलबाई आल्या. पहिली खाट ठीक, दुसरी ठीक, आणि त्यांच्यामागून आत शिरलेली, गाठोडं घेतलेली एक म्हातारी.

"तुम्ही कधीपासून राहता इथे?" बाईंनी तिला विचारलं.

"आत्ताच आले. लेकीला तिकडं ॲडमिट केल्यापासून फुटपाथवरच होते. आज पहिल्यांदा दार उघडं दिसलं." ती भाऊशेठांच्या पाया पडली. "देव भलं करो तुमचं. उद्याबी उघडं असंल न्हवं?"

तम्मा उठला आणि त्याने तिला खाट दिली. मग एकेक करून सगळेच उठले.

भाऊशेठांना मान वर करता येईना. त्यांनी किल्ली वकीलबाईंच्या हातात ठेवली.

"उद्याचं तुम्हीच सांगा या आजींना."