सही करणाऱ्याची खुर्ची
बारांकिया बंदराच्या खाऱ्या हवेत चौदा महिने उभ्या असलेल्या विमानाच्या इंजिनातली झडप मेकॅनिक नुबियाने बोटाने ढकलून पाहिली. ती गंजून अडकली होती. आकाशात इंजिन बंद पडायला तेवढे पुरे होते. तिने तपासणीपत्रावर सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रावर सही होती, तिच्याच नावाची. हँगरचा जुना रिवाज असा, की सही करणाऱ्याने पहिल्या उड्डाणात कॅप्टनमागे बसायचे. "चल पोरी, घाबरलीस काय?" कॅप्टनने हसून खुर्चीचा पट्टा पुढे केला. "झडप अडकलीय, कॅप्टन. ही सही माझी नाही, साहेबांनी केलीय. त्यांना बसवा." हँगरप्रमुख एलिएसेर विमानाच्या शिडीवरून ओरडले, "खोटारडी! झडप उत्तम आहे!" "मग या की, सेन्योर," कॅप्टन म्हणाला. पट्ट्याकडे पाहून एलिएसेर अत्यंत सभ्यपणे एक पायरी उतरले. मागोमाग कॅप्टनही विमानातून उतरला. दुपारी दुसरा कॅप्टन मागवण्यात आला, हा रिवाज ठाऊक नसलेला.