दोन दिवस शांतता

डोंगरातल्या त्या लाकडी घरात वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं आणि बाबांना नेमकं तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा तिघांचीही डोकी ठणकत होती.

"मोबाइल उतरतोय अंगातून," शेगडीत लाकूड सारत बाबा म्हणाले. "दुपारपर्यंत निवळेल."

मी लाकडं आणायला बाहेर गेले आणि दहा मिनिटांत माझं डोकं ठणकायचं थांबलं. आत आले, पुन्हा ठणका. खात्री करायला परत बाहेर जाऊन आले, तर तेच. तेवढ्यात चहा पिता पिता आई खुर्चीतच कलंडली.

मी दार सताड उघडलं.

"अगं, थंडी येतेय," बाबा म्हणाले.

"शेगडीचा विषारी वायू खोलीतच साठलाय, बाबा. त्याला वास नसतो. तुम्ही पाय धरा, मी खांदे धरते."

आम्ही आईला अंगणात आणून झोपवलं. पाच मिनिटं ती नुसती श्वास घेत राहिली आणि बाबा तिचे तळवे चोळत राहिले. मग तिने डोळे उघडले. "चहा सांडला का गं?"

मी उघड्या दारातून आत पाहिलं. "पण यासाठीच तर भिंतीवर अलार्म लावलाय. तो वाजला कसा नाही?"

बाबांनी स्वेटरच्या खिशातून दोन सेल काढून माझ्या हातावर ठेवले.

 

"काल तुम्ही दोघी बाहेर असताना शेगडी पेटवली, तर नुसता कोकलत सुटला. म्हटलं, इथे तरी शांतता असू दे."