मंजूर

टेबलावरचा फोन वाजला तेव्हा तिचं बोट ‘मंजूर’ या बटणावर होतं. ते दाबून मग तिने फोन उचलला.

रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममधल्या बाई होत्या. कोणत्या पेशंटकडे कोणती गाडी पाठवायची, हे सुचवणारं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं. काही अडलं की बाई थेट तिलाच फोन करायच्या.

“मॅडम, सकाळपासून गाड्या भलतीकडून निघताहेत. पेशंट नदीच्या पलीकडे आणि गाडी अलीकडची. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण पुलाचा वळसा केवढा पडतो.”

“वळशाचा हिशेब आहे त्यात,” ती म्हणाली. “मीच लिहिलाय.”

“मग आज कुठे गेला तो?”

“बघते. फोन ठेवू नका.”

तिने कोडचा तो भाग उघडला. वळशाचा हिशेब तिथे नव्हता. त्या ओळी लिहिण्याआधी ती ड्रायव्हरशेजारी बसून त्या पुलावरून कितीदा तरी गेली-आली होती. पूल कधी तुंबतो, कधी मोकळा असतो, सगळं विचारून घेतलं होतं. आता तिथे चारच ओळी होत्या, दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर मोजणाऱ्या. वर खुलासा होता: ‘हा भाग अकारण गुंतागुंतीचा होता, सोपा केला आहे.’ लिहिणारा, एआय. मंजुरी, तिचं नाव. तारीख कालची.

तिने आठवून पाहिलं. काल दुपारभर एआयचे एकामागून एक बदल येत होते आणि ती मंजूर करत होती. त्यांतला हा कुठला, ते काही आठवेना.

शेजारचा बुवा खुर्चीसकट सरकत आला. दुसऱ्याच्या कोडमधल्या एकेका ओळीवर तासभर प्रवचन झोडायचा, म्हणून त्याचं नाव बुवा पडलं होतं. अलीकडे प्रवचनं बंद होती.

“काय झालं?”

“पूल उडाला.”

त्याने स्क्रीनवर वाकून वाचलं. तिच्या नावापाशी येऊन थांबला.

“मीही केलं असतं मंजूर,” तो हळूच म्हणाला. “आपण सगळे सह्याजीराव.”

एरवी या विनोदावर दोघं हसायची.

फोन खांद्याशी धरून तिने कीबोर्डवर हात ठेवले. स्वतःच लिहावं म्हणून. बोटं तशीच राहिली. सुरुवात कुठून करायची ते सुचेना. शेवटी तिने एआयला सांगितलं, पुलाचा वळसा परत धर. तिचं वाक्य संपतं न संपतं तोच नव्या ओळी हजर झाल्या. वर नम्रपणे दिलगिरीही होती.

या वेळी तिने वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर होती, तेवढ्यात फोनमधून बाई म्हणाल्या, “मॅडम, अजून एक गाडी तशीच निघायला लागली.”

तिने मंजूर दाबलं.

“आता बघा.”

पलीकडे कीबोर्ड खडखडला. “हो. आता पलीकडचीच गाडी दाखवतंय.”

टीमलीडर मागे येऊन उभा होता. “सुटलं? इतक्यात?” त्याने बुवाच्या पाठीवर थाप मारली. “पूर्वी अख्खा दिवस मोडला असता याच्यात.” आणि कॉफीचा कप घेऊन तो पुढे गेला.

बाईंनी फोन ठेवला नव्हता.

“सकाळी एक आजोबा पडले होते बाथरूममध्ये,” त्या म्हणाल्या. “आपली गाडी वळसा घालून पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घालून नेलं. अजून शुद्धीवर नाहीत. त्यांची सून मला विचारत होती, आमच्याच काठावरचं गाड्यांचं ठाणं खिडकीतून दिसतं, मग तिथली गाडी का नाही आली? तिला काय सांगू?”

तिला काहीतरी वाटायला हवं होतं. ती त्याची वाट बघत राहिली. काहीच वाटलं नाही. टेबलावरचा तिचा मोबाइल उजळला. आईचा मेसेज होता, जेवलीस का. खाली मोबाइलने तीन तयार उत्तरं मांडून ठेवली होती. तिने ‘हो’वर बोट टेकवलं. डबा अजून पिशवीतच होता.

“मॅडम?”

“सांगा त्यांना, सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. दुरुस्त केली.”

“ते झालं. पण चूक केली कोणी?”

“एआयने एक बदल केला होता.”

“असं.” बाईंच्या आवाजात राग नव्हता. “आणि तो तुम्ही वाचला होता ना?”

बुवा आवाज न करता खुर्ची मागे सरकवत आपल्या जागी गेला.

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही तसं अवघड नव्हतं. ती दोन्ही शब्द मनात म्हणून बघत होती. दोन्ही सारखेच लागत होते.

तेवढ्यात कंट्रोल रूममधला दुसरा फोन खणखणला. “एक मिनिट हं, मॅडम,” म्हणत बाईंनी तिचा फोन बहुधा टेबलावर ठेवला. मग त्यांचा आवाज थोडा लांबून, पण स्पष्ट ऐकू आला. घाई नाही, आरडाओरडा नाही.

“घाबरू नका. मला फक्त एवढंच सांगा, तुम्ही आत्ता नक्की कुठे आहात?”

प्रश्न तिला नव्हता, तरी फोन कानाला तसाच धरून तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं.